बेटावर पार्सलचे डबे: खरेदी नंतर, आधी धुणार कोण आणि परत येणार कसे ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गाव खाडीतल्या जुव्यावर, म्हणजे छोट्या बेटावर, पलीकडे जायचं तर होडी, साधारण साडेचारशे माणूस. हंगामात पर्यटक येतात, तुमचा बचत गट माशाचं जेवण देतो, बसून खाणारे थोडे आणि पार्सल नेणारे जास्त. थर्माकोलच्या प्लेटी, सिल्व्हर फॉइलचे डबे, पातळ पिशव्या हे सगळं एकतर खाडीत जातं नाहीतर माडाच्या बुडात जाळलं जातं, कचरा न्यायला गाडी येणार कुठून. आता गटाकडे चार पैसे जमलेत तर परत वापरायचे डबे घ्यायचेत. स्टीलचे घ्यावेत का प्लास्टिकचे, किती घ्यावेत आणि पंचायतीकडून काही मदत होईल का, असं विचारलंय.

मी किनाऱ्यावरच्या खानावळी आणि गटांबरोबर बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणून पहिलं हेच सांगते की डबे अजून घेऊ नका. डबा ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट, मालवणच्या नाहीतर कणकवलीच्या बाजारात दुपारपर्यंत मिळतो. अडतं ते तो परत येण्यावर आणि आला की धुण्यावर. हे दोन कागदावर बसले की डबा कुठला हे आपोआप ठरतं.

आणि एक सांगू का, बेटाला यात मोठा फायदा आहे. शहरात माणूस पार्सल घेऊन कुठल्या गल्लीत गेला पत्ता लागत नाही, तुमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस एका जेटीवर उतरतो आणि त्याच जेटीवरून परत जातो. घारापुरीचं बघा, गेटवेवरून लाँच येतात, पर्यटकाला रात्री राहायची परवानगी नाही, म्हणजे सकाळी जे काय बेटावर उतरलं ते संध्याकाळी त्याच धक्क्यावरून जातं. डबा परत घ्यायला याच्यापेक्षा चांगली जागा कुठली? (तिथे माकडं हातातली पिशवी ओढून नेतात त्यामुळे झाकण घट्ट बसणाऱ्या डब्याचा तिथे आणखी एक उपयोग, पण ते असो.) केदारनाथला २०२२ मध्ये प्लास्टिकच्या बाटल्यांवर क्यूआर कोड लावून दहा रुपये डिपॉझिट घ्यायला सुरुवात केली, बाटली परत दिली की पैसे परत. त्याच वर्षी तामिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात सरकारी दारूच्या दुकानात बाटलीमागे दहा रुपये जास्त घेऊन रिकामी बाटली आणली की परत द्यायला लागले, आणि बाटल्या परत यायला लागल्या. दोन्हीकडे जायचे-यायचे रस्ते मोजकेच. तुमच्याकडे तर एकच जेटी.

तर आता पहिलं काम. सलग तीन दिवस, त्यात एक रविवार धरून, जेवणाचा जो कचरा होतो तो फेकायच्या आधी वेगळा करून मोजा. वजन नको, नग मोजा. फॉइलचे डबे किती, प्लेटी किती, वाट्या, चमचे, पिशव्या, दुधाच्या पिशव्या, तेलाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या. हे करून घेतलं की बहुतेक गटांना धक्का बसतो कारण आपल्याला वाटत असतं पार्सलचाच सगळा कचरा आहे आणि निघतं असं की घरोघरच्या दुधाच्या आणि तेलाच्या पिशव्याच ढिगाने आहेत. डबे घेऊन त्या पिशव्या कमी होणार नाहीत, म्हणून आधी कळलेलं बरं. आणि तेलाबद्दल लगेच सांगून ठेवते कारण कोणीतरी सुचवणारच, की मोठा डबा आणून गटाने सुटं तेल विकूया. सुटं खाद्यतेल विकायला अन्नसुरक्षा कायद्यात बंदी आहे, त्या भानगडीत पडू नका. स्वतःच्या स्वयंपाकाला पंधरा किलोचा डबा आणणं वेगळं, ते जरूर करा, तेवढ्यानेच तुमच्या चुलीमागच्या पिशव्या संपतील. दूध मात्र केटलीतून आणता येतं, पलीकडच्या गवळ्याशी बोलून बघा.

दुसरं, पार्सल का नेतात ते लोकांना विचारा. मी जिथे जिथे विचारलंय तिथे उत्तर जवळजवळ एकच, होडी सुटायची वेळ झाली. भरती-ओहोटीवर होडी चालते, जेवण तयार व्हायला पाऊण तास, म्हणून बांधून द्या म्हणतात. मग पलीकडून होडीत बसतानाच फोनवर ऑर्डर घ्यायला लागा, जेटीवर तुमचा नंबर आणि त्या दिवसाचा मेनू एका फळ्यावर लिहा, होडीवाल्याला सांगून ठेवा की माणसं चढली की विचारायचं. आणि जेटीजवळ झावळ्यांचा मांडव टाकून दोन बाकडी ठेवा. बसून खाल्लेल्या जेवणाला डबा लागतच नाही, स्टीलचं ताट नाहीतर केळीचं पान. पार्सल निम्म्यावर आलं तर तुमचा खर्चही निम्म्यावर आला.

पानाचं मी मुद्दाम म्हणते. फेकायचं ते सगळं वाईट असं डोक्यात घेऊन काही ठिकाणी केळीचं पान काढून स्टीलच्या प्लेटी आणल्या, मला ते अजिबात पटत नाही. पान परसात उगवतं, गुरं खातात नाहीतर माडाच्या आळ्यात कुजतं, धुवायला पाणी लागत नाही. पोफळीच्या विरीच्या (झाडावरून गळणाऱ्या झावळीच्या रुंद बुडाच्या) प्लेटी कोरड्या खाऊला उत्तम. तिकडे प्रशांत महासागरात वानुआतू नावाचा बेटांचा देश आहे, त्यांनी १ जुलै २०१८ पासून प्लास्टिकच्या पातळ पिशव्या, स्ट्रॉ आणि थर्माकोलचे पार्सल डबे बंद केले, आणि बाजारात परत झावळ्यांच्या विणलेल्या टोपल्या दिसायला लागल्या, ज्या त्यांच्या आज्या विणायच्याच. म्हणजे बेटावर जे उगवतं ते आधी, आणि त्याने जे भागत नाही तेवढ्यालाच डबा. आपल्या जेवणात बघा, तळलेली तुकडी पानात बांधता येते, भाकरी नाहीतर घावणे पानात गुंडाळून कागदात, भातसुद्धा पानात जातो. उरली आमटी नाहीतर तिखलं, त्याला मात्र झाकणाचा डबा पाहिजेच. सोलकढी पार्सलला देऊच नका असं माझं मत, उन्हात होडीत तासभर राहिली की फुटते, नाव तुमचं खराब होतं. तिथेच ग्लासात द्या.

म्हणजे चार फॉइलचे डबे जात होते तिथे आता एक डबा आणि दोन पानं. यामुळे डबे मोजून कमी लागतात.

आता धुणं. यावर जरा जास्त लिहिते कारण सगळं इथेच अडकतं.

माशाच्या आमटीत नारळाचं वाटण असतं, त्याचं तेल डब्याला धरून बसतं. थंड पाण्यात साबण लावून कितीही घासा, हाताला निसरडं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की वास. गरम पाणी पाहिजे, हात जेमतेम घालता येईल इतकं. तुमच्याकडे सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, झावळ्या भरपूर आहेत, मोठ्या टोपात पाणी त्यावरच तापतं, गॅस जाळायची गरज नाही. पद्धत अशी की आधी उष्टं खरवडून काढायचं, मग गरम साबणाच्या टपात घासायचं, मग चांगल्या पाण्याच्या टपात खळबळायचं, आणि शेवटी उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवून काढून उपडं घालायचं. फडक्याने पुसायचं नाही, हे लिहून भिंतीला लावा. आपल्याला सवय आहे फडकं मारायची आणि तेच एक फडकं शंभर डब्यांना फिरतं, मग उकळून काय फायदा. डबा स्वच्छ झाला की नाही बघायला आतून कोरडं बोट दाबून फिरवा, चरचर आवाज आला पाहिजे. बोट सरकलं तर परत टपात.

उकळतं पाणी रोज जमत नसेल तर ब्लीचिंग पावडरचं पाणी चालतं. ताज्या पावडरीत साधारण तीस टक्के क्लोरीन असतं, म्हणून दहा लिटर पाण्याला साडेतीन ग्रॅमच्या आसपास पुरे होते, दुकानाच्या काट्यावर एकदा मोजून त्या मापाचा चमचा बाजूला ठेवा. पण स्टील त्यात भिजत ठेवायचं नाही, मिनिटभर बुडवायचं की काढून साध्या पाण्यातून काढायचं. क्लोरीनने आणि मिठाने स्टीलला बारीक बारीक खड्डे पडतात आणि तिथून गंज धरतो. याच कारणाने, खाडीच्या पाण्यात पहिला हात मारून घेऊया असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, भांड्यावर मीठ राहतं आणि खाडीत काय काय सोडलेलं असतं ते आपल्याला ठाऊकच आहे.

पाणी किती लागतं? टपाच्या पद्धतीने डबा-झाकण मिळून दीड लिटर धरा, वाहत्या नळाखाली याच्या कितीतरी पट जातं. रोज साठ डबे म्हणजे नव्वद लिटर, पाच-सहा हंडे. नोव्हेंबरात हे काहीच नाही. एप्रिल-मे मध्ये विहीर मचूळ होते, पिण्याचं पाणी पलीकडून होडीने आणावं लागतं, आणि पर्यटकांची गर्दी नेमकी तेव्हाच. म्हणून हिशोब मे महिन्याचा करा, जानेवारीचा नको. मे मध्ये पाणी पुरत नसेल तर मे मध्ये डबे धुवायला पलीकडे पाठवायचे का, का तेवढे दिवस पार्सल बंद ठेवून फक्त पानावर वाढायचं, हे गटात आत्ताच बोलून घ्या. पलीकडे पाठवणं वाटतं तितकं अवघड नाही, होडी रिकामी जातेच, पण मग भोकांचे क्रेट पाहिजेत आणि ते मासळीच्या क्रेटपासून रंगाने वेगळे पाहिजेत. एकदा का डब्यांचा क्रेट बांगड्यांना वापरला की वास जात नाही, आणि स्वच्छतेच्या दृष्टीनेही ते बरोबर नाही.

धुतलेलं पाणी कुठे सोडणार तेही बघा. जुव्यावर जमिनीखाली पाणी अगदी वर असतं, शोषखड्डा खणला तर चार हातावर पाणी लागतं आणि तेच विहिरीला मिळतं. त्यापेक्षा तेल अडवायला आधी एक छोटी टाकी, वर साचलेलं तेल अधूनमधून काढून टाकायचं, आणि पुढे कर्दळ, अळू, केळ यांच्या वाफ्यात पाणी. विहिरीपासून जेवढं लांब नेता येईल तेवढं न्या.

आणि धुणार कोण? ताई, हे मी कळकळीने सांगते. गटाच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न निघाला की सगळ्या म्हणतात आपण मिळून करू, आणि महिन्याभरात ज्या दोघी गरीब, ज्यांना नाही म्हणता येत नाही, त्या धूत बसलेल्या असतात. बाकीच्या स्वयंपाकाला, पैसे घ्यायला. मग त्या दोघी गट सोडतात आणि फॉइलचे डबे परत येतात. धुण्याला डब्यामागे दर ठरवा, वहीत वेगळं पान करा, आठवड्याला रोख द्या, आणि तो दर जेवणाच्या किमतीत आधीच धरा. हे काम स्वयंपाकाइतकंच कामाचं आहे, त्यावरच गिऱ्हाईकाची तब्येत अवलंबून आहे.

आता स्टील का प्लास्टिक ते सांगते. कोकणात माझं उत्तर स्टील, आणि कारण दमट हवा. उकळत्या पाण्यातून काढलेला स्टीलचा डबा स्वतःच्या ऊबेनेच बघता बघता सुकतो. प्लास्टिकचा तसाच ओला राहतो, दमट हवेत तासन् तास, आणि झाकण लावून रचून ठेवला की दोन दिवसांत आत बुरशीचा वास. शिवाय हळद. प्लास्टिकला आमटीचा पिवळा डाग बसतो तो घासून जात नाही. उन्हात ठेवलं तर फिका होतो, कारण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, पण सारखं उन्हात टाकून प्लास्टिक ठिसूळ होतं. डबा स्वच्छ असला तरी पिवळा दिसला की पर्यटक नाक मुरडतो आणि दुसरं काही नाही का विचारतो. प्लास्टिक हलकं आणि स्वस्त हे खरं, घ्यायचंच झालं तर बुडावर त्रिकोणात ५ आकडा असलेलं पीपी (पॉलिप्रॉपिलीन) बघून घ्या, ते गरम आमटी सोसतं. ॲल्युमिनियम नको, कोकमाच्या आंबटपणाने ते झिजतं आणि चवही बदलते.

स्टीलमध्ये ३०४ नंबरचं घ्या. त्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. बाजारात २०२ नंबरचं स्वस्त मिळतं, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, घाटावर ते चालून जातं पण खाऱ्या हवेत लवकर डाग धरतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, बघा चिकटत नाही म्हणजे भारी माल. त्यावर जाऊ नका, २०२ लाही लोहचुंबक सहसा चिकटत नाही. या दोन्हींतला फरक ओळखायला केमिकलचे थेंब मिळतात, एक डबा घासून त्यावर थेंब टाकून दाखवा म्हणायचं, आणि बिलावर ३०४ लिहून घ्यायचं. पन्नासच्या वर नग घेताय म्हटल्यावर दुकानदार तयार होतो.

आकार सरळ भिंतीचा, तोंड रुंद, आत हात आणि घासणी पोचली पाहिजे. काठ आत वळवलेला असेल तर त्या घडीत आमटी अडकते, तो नको. क्लिपची झाकणं मोडतात. रबराची रिंग असेल तर सहज निघणारी आणि बाजारात सुटी मिळणारी पाहिजे, कारण बुरशी धरते ती रिंगखालीच. फार तर दोन आकार घ्या, एका माणसाचा आणि चार माणसांचा, आणि एका आकाराची सगळी झाकणं एकमेकांना बसली पाहिजेत. झाकणाची जोडी शोधत बसायला लागलं की काम करणाऱ्या बाईचा जीव जातो.

आणि नाव घाला. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव-तारीख घालतात तसं मशीनने बुडावर गटाचं नाव आणि नंबर घालून घ्या, झाकणावरही. यामुळे दोन गोष्टी होतात. एकतर पलीकडच्या गावात कुणाच्या घरी डबा दिसला की ‘ह्यो डबो कोणाचो?’ हा प्रश्न उरत नाही, नाव असलेलं भांडं ठेवून घ्यायला आपल्या माणसाला संकोच वाटतो. आणि दुसरं, नंबरावरून वहीत कळतं की कुठला डबा किती वेळा फिरला.

किती घ्यायचे, त्याचा हिशोब असा. आकडे समजायला धरतेय, तुमचे तुम्ही घाला. रोज साठ पार्सल, त्यातले चाळीस त्याच दिवशी जेटीवर परत येणारे, वीस पलीकडच्या होमस्टेला जाणारे आणि तिसऱ्या दिवशी परत येणारे. मग कुठल्याही दिवशी बाहेर असलेले डबे चाळीस अधिक साठ (वीस डबे गुणिले तीन दिवस) म्हणजे शंभर. धुण्या-सुकवण्यात एका दिवसाचे साठ. झाले एकशे साठ. गर्दीचा रविवार आणि हरवलेले धरून वर चाळीस, म्हणजे दोनशे. पण पहिल्या खेपेला पन्नासच घ्या, फक्त त्याच दिवशी परत येणाऱ्यांना द्या, होमस्टेला नंतर. घडी बसली की वाढवा.

परत येण्याचं गणित मात्र नीट समजून घ्या, इथे चांगले चांगले फसतात. शंभरातले नव्वद डबे परत आले तर वाटतं छान चाललंय. पण दर खेपेला दहा टक्के जाणार म्हणजे एक डबा सरासरी दहाच खेपा करणार. पंच्याण्णव आले तर वीस खेपा. अठ्ठ्याण्णव आले तर पन्नास. आता समजा डबा एकशे ऐंशीला पडला, फॉइल आणि पिशवीचे नऊ रुपये वाचतात, धुण्याचे चार जातात, म्हणजे खेपेला पाच रुपये सुटतात. डब्याची किंमत निघायला छत्तीस खेपा पाहिजेत. म्हणजे शंभरात सत्त्याण्णवच्या वर परत आले पाहिजेत, नाहीतर गट खिशातून पैसे घालतोय. म्हणून डिपॉझिट. ते डब्याच्या किमतीच्या जवळपास ठेवा, निदान शंभर-दीडशे. दहा-वीस रुपये ठेवलेत तर लोक स्टीलचा डबा वीस रुपयांत मिळाला म्हणून खुशीत घेऊन जातील. लोक नाराज होतील ही भीती सगळ्यांना वाटते, पण पैसे परत मिळणार हे बिलावर मोठ्या अक्षरात आणि तोंडानेही सांगितलं की फारसं कोणी बोलत नाही.

पैसे परत देताना वेळ लागता कामा नये. होडी सुटतेय, रेंज नाही, यूपीआय फिरतंय, अशात माणूस वैतागतो आणि त्याचं गटाबद्दलचं मत तिथेच ठरतं. जेटीवर रोख सुटे ठेवा, गटातली एकजण दुपारच्या होड्यांना हजर. पलीकडच्या जेटीवर चहाच्या टपरीवाल्याशी बोला, त्याने डबे घ्यायचे आणि डिपॉझिट द्यायचं, डब्यामागे त्याला दोन-तीन रुपये, संध्याकाळी शेवटच्या होडीने क्रेट इकडे. होडीवाल्यालाही क्रेटमागे काहीतरी द्या, ओळखीवर फुकट नेतो तो पंधरा दिवस नेतो. आणि गावातल्या माणसांना डिपॉझिट कसलं, त्यांना सांगा घरचं भांडं घेऊन या, दोन रुपये कमी घेऊ.

अन्नाच्या बाबतीत एकच नियम कडक पाळा. आमटी चुलीवरून गरम, साठ अंशाच्या वर असतानाच डब्यात भरायची आणि दोन तासांत खा असं सांगायचं. कोमट आमटी झाकून उन्हात होडीने गेली तर डबा कितीही उकळलेला असू दे, पोट बिघडतं आणि दोष डब्यावर येतो. एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन नसेल तर आधी करून घ्या.

आता कायद्याचं, कारण तुमच्या गटात कोणी म्हणेल की सगळेच थर्माकोल वापरतात. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या प्लेटी, ग्लास बंद आहेत, पहिल्यांदा सापडलं तर पाच हजार दंड, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि कैदही होऊ शकते. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या प्लेटी, चमचे, ग्लास, स्ट्रॉ देशभर बंद. बेटावर कोणी तपासायला येत नाही हे मला माहीत आहे. पण उद्या पंचायतीकडे मदत मागायला जाल तेव्हा तुमच्या खानावळीत थर्माकोल दिसता कामा नये.

पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे डबेही बसून. बंद करायच्या आधी सगळे उकळून, उन्हात कडकडीत सुकवून, झाकणं वेगळी काढून ठेवा. झाकण लावून ठेवलेत तर गणपतीत उघडल्यावर वास येईल. चुलीच्या वरच्या माळ्यावर जागा असेल तर तिथेच, तेवढीच जागा घरात कोरडी असते.

आणि गणपतीचा विषय आलाच आहे तर, तुमच्या वाडीची भांडी असतीलच ना? देवळात नाहीतर मांडात (वाडीच्या सामाईक जागेत) ठेवलेली, लग्न-बाराव्याला वहीत लिहून नेतात, मोजून परत करतात, हरवलं तर भरून देतात, ती. माझं म्हणणं सुरुवात तिथून करा. ती भांडी बाहेर काढा, ताटं, पेले कमी असतील तर भर घाला, आणि पहिला हंगाम गावातल्या जेवणावळींतून प्लास्टिकचे ग्लास आणि प्लेटी काढा. कागदी ग्लाससुद्धा, त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो जाळला की प्लास्टिकच जळतं. यात डिपॉझिट नको, होडी नको, माणसं ओळखीची, धुणाऱ्या बायका जमलेल्या असतात, त्यांना त्या दिवसाची मजुरी मात्र यजमानाकडून. टप, रॅक, गरम पाण्याची सोय, सांडपाण्याचा वाफा हे सगळं यातच उभं राहतं, आणि पर्यटकांचे डबे घ्याल तेव्हा तुमचे हात तयार असतील.

पंचायतीकडून काय मिळेल? स्वच्छ भारत ग्रामीणच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्याचे निकष असे होते की पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत, त्यातला तीस टक्के हिस्सा वित्त आयोगाच्या निधीतून पंचायतीने घालायचा. साडेचारशे माणसांना घनकचऱ्याचे २७ हजार आणि सांडपाण्याचे १ लाख २६ हजार बसतात. डबे घ्यायला पैसे द्या म्हणून अर्ज केलात तर तो खानावळीचा धंदा म्हणून बाजूला पडेल. सामुदायिक भांडी धुण्याची जागा, तेल अडवायची टाकी, कर्दळीचा वाफा असा अर्ज सांडपाण्याच्या कामात करा, जास्त पैसे तिथेच आहेत आणि तुमची खरी गरजही तीच. या वर्षी कुठल्या टप्प्याचा किती निधी आहे ते ग्रामसेवकाला विचारा, आणि ग्रामसभेत विषय घेऊन ठराव करून घ्या, नुसत्या तोंडी बोलण्यावर राहू नका. डब्यांचे पैसे उमेदमधून (बचत गटांसाठीचं राज्याचं अभियान) गटाला जे कर्ज मिळतं त्यातून होतील, पन्नास डबे म्हणजे फार मोठी रक्कम नाही.

तीन दिवसांची मोजणी झाली की कागद पाठवा, त्याबरोबर मे महिन्यात विहिरीचं पाणी किती दिवस मचूळ असतं ते आणि होडीच्या फेऱ्या किती ते पण लिहा. त्यावरून डबे किती, दर किती आणि डिपॉझिट किती हे आपण एकत्र बसवू.